साठनं गेलो, चाळीसनं आलो... ॲव्हरेज किती?

वेग, अंतर आणि इंधनाची गणितं आपण परीक्षेपुरती पाठ करतो. पण हीच गणितं रोज आपला खिसा हलका करतात आणि एखाद्या दिवशी जिवावरही बेततात.

आर्वी नाक्यावरची सकाळ. टपरीवर तर्री पोहे आणि वाफाळता चहा. शेजारच्या बाकावर पोलीस भरतीची तयारी करणारी तीन-चार पोरं बसलेली. धावून आलेली, घामही अजून वाळलेला नाही, पण एकाच्या मांडीवर प्रश्नसंच उघडा. त्यानं मोठ्यानं वाचलं, "एक मोटारसायकलस्वार वर्ध्याहून नागपूरला ताशी ६० किमी वेगाने जातो आणि त्याच रस्त्याने ताशी ४० किमी वेगाने परत येतो. तर संपूर्ण प्रवासाचा सरासरी वेग किती?"

"पन्नास! यात काय हाये बे?" दुसऱ्यानं पोहे तोंडात असतानाच उत्तर ठोकलं.

"चुकला. मागं अठ्ठेचाळीस लिवलं हाये."

"छपाई चुकली असन मंग."

मला हसू आलं नाही. कारण मनातल्या मनात मीही पन्नासच म्हटलं होतं. मी मास कॉमची विद्यार्थिनी, गणिताशी आपली दहावीनंतर फारकत. पण ते दोन किलोमीटर डोक्यातून जाईनात. पन्नासचे अठ्ठेचाळीस झाले कसे? कुठे गेले ते दोन?

तुमचं काय उत्तर आलं होतं? खरं सांगा. पन्नास आलं असेल तर लाजू नका, पुढे वाचा.

वेग नाही, वेळ मिळवा

वर्धा ते नागपूर हे अंतर, घर कुठे नि जायचं कुठे त्यावर पाच-सात किमी इकडेतिकडे होतं. हिशेब सोपा जावा म्हणून आपण ७२ किमी धरू. ताशी ६० नं जाताना लागले ७२ मिनिटं. ताशी ४० नं येताना लागले १०८ मिनिटं. एकूण १८० मिनिटं, म्हणजे बरोबर ३ तास. एकूण अंतर १४४ किमी. आता १४४ ला ३ नं भागा. आले ४८.

म्हणजे छपाई बरोबर होती. आपण चुकलो कारण आपण दोन वेगांची बेरीज करून दोननं भागलं. पण तो गाडीवाला दोन्ही वेगांनी सारखा वेळ चाललाच नव्हता. साठनं तो ७२ मिनिटं होता आणि चाळीसनं १०८ मिनिटं. ज्या वेगानं जास्त वेळ घालवला, त्याच्याकडे सरासरी झुकणार. संथ वेग नेहमी जास्त वेळ खातो, म्हणून जाण्यायेण्याचं अंतर सारखं असलं की सरासरी मधल्या आकड्यापेक्षा खालीच येते. ७२ ऐवजी दुसरं कुठलंही अंतर घ्या, उत्तर ४८ च येईल.

प्रश्नसंचाच्या मागे याचं सूत्रही असतं. दोन वेगांच्या गुणाकाराची दुप्पट भागिले दोघांची बेरीज. पाठ करा, हरकत नाही. पण सूत्र विसरलात तरी एक गोष्ट विसरू नका. प्रवासात मिळवायची असते ती वेळ.

ही गोष्ट मला आधी कळली असती तर गेल्या हिवाळ्यातला एक दिवस वेगळा गेला असता.

बारा मिनिटांसाठी

नागपूरला एका ठिकाणी इंटर्नशिपचा इंटरव्ह्यू होता, सकाळी १० ला. मैत्रिणीच्या दादानं बाईकवर सोडायचं कबूल केलं होतं. निघायला उशीर झाला. निघालो तेव्हा घड्याळात ८ वाजून ४८ मिनिटं. मी मनात म्हटलं, ताशी साठनं गेलो तर ७२ मिनिटांत, ऐन दहाला पोचतो.

पण धुकं होतं. पवनारपासून पुढे ट्रक एकामागे एक. सेलू, केळझर करत निम्म्या वाटेवर पोचलो तर ९:३६. म्हणजे ३६ किमीला ४८ मिनिटं, ताशी ४५. उरलेल्या ३६ किमीसाठी हातात फक्त २४ मिनिटं. मी मागून ओरडले, "दादा, ओढा ना जरा!"

दादांनी ओढली. काटा नव्वदकडे गेला. ताशी ९० नं ३६ किमी म्हणजे बरोबर २४ मिनिटं. कागदावर गणित अचूक होतं. रस्त्यावर मात्र डावीकडच्या शेतातून कापसाच्या गाठोड्यांनी भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर बाहेर आला. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. दादांनी ब्रेक दाबला, मागचं चाक सरकलं, आणि ट्रॉलीच्या फळीपासून हातभर अंतरावर आम्ही थांबलो. बराच वेळ दोघंही काही बोललो नाही.

पुढे पन्नासच्या वर काटा गेला नाही. मी उशिरा पोचले. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा आटापिटा, ते साहेब पावणेअकराला आले.

आता तेव्हा न केलेलं गणित करू. उरलेले ३६ किमी साठनं गेले असते तर लागले असते ३६ मिनिटं. नव्वदनं २४. फरक १२ मिनिटांचा. बारा मिनिटं! "सर, रस्त्यात आहे, दहा-बारा मिनिटं उशीर होईल," एवढा एक फोन केला असता तर भागलं असतं.

याच गणिताचं टोकाचं रूप बघा. समजा निम्मं अंतर तुम्ही ताशी ३० नं गेलात. आता पूर्ण प्रवासाची सरासरी ६० यायला हवी. उरलेलं निम्मं अंतर किती वेगानं जाल?

तोंडात ९० येतं. करून बघा. ७२ किमीला ताशी ६० नं एकूण ७२ मिनिटं मिळतात. पहिले ३६ किमी ताशी ३० नं गेलात, तिथेच ७२ मिनिटं संपली. उरलेल्या वाटेसाठी वेळ शून्य. विमानानं जा नाहीतर रॉकेटनं, सरासरी ६० येणारच नाही.

हे कोडं जुनं आहे. मॅक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञानं जुन्या खटारा गाडीच्या चढ-उताराच्या रूपात ते थेट आइन्स्टाइनला पत्रातून पाठवलं होतं. आइन्स्टाइननं कबूल केलं, की आकडेमोड करेपर्यंत उतारासाठी वेळच उरत नाही हे आपल्या ध्यानात आलं नव्हतं. तेव्हा तुमची-आमची काय कथा!

समृद्धीवरचा हिशेब

आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा ५२० किमीचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किमीचा रस्ता खुला झाला. येळाकेळीच्या इंटरचेंजवरून वर्धेकर त्यावर चढतात. दुचाकीला मनाई आहे, कारला कमाल वेगमर्यादा ताशी १२०.

नागपूर ते मुंबई आठ तासांत, असं या रस्त्याबद्दल सांगितलं जातं. ७०१ ला ८ नं भागा. सुमारे ८८ येतात. मर्यादा १२० ची असताना सरासरी ८८ च का? सलग १२० नं गेलं तर ५ तास ५० मिनिटंच लागायला हवीत. पण घाटात वेग उतरतो, माणसाला चहा लागतो, गाडीला इंधन लागतं, आणि थांबलेला प्रत्येक मिनिट प्रवासाच्या वेळेतच मोजला जातो. भरतीच्या पेपरात 'थांबे धरून सरासरी वेग' विचारतात, तो हाच.

आता ६० किमीचा तुकडा घ्या आणि वेग वाढवत न्या. ताशी ४० नं ९० मिनिटं, ६० नं ६०, ८० नं ४५, १०० नं ३६ आणि १२० नं ३०. नीट बघा. चाळीसवरून साठवर गेलात तर अर्धा तास वाचला. शंभरावरून एकशेवीसवर गेलात, वेग तेवढाच म्हणजे वीसनं वाढला, पण वाचली फक्त ६ मिनिटं. वेग जितका जास्त, तितकी पुढच्या वाढीची कमाई कमी.

आणि खर्च? तो उलट वाढत जातो. गाडी थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. वेग दुप्पट, तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट. कोरडा रस्ता, चांगले ब्रेक आणि सावध चालक असं सगळं उत्तम धरलं, ब्रेकनं दर सेकंदाला वेग ७ मीटर प्रति सेकंदानं कमी होतो असं मानलं आणि धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जायला १ सेकंद दिला, तर ताशी ६० ला गाडी सुमारे ३६ मीटरमध्ये थांबते. ९० ला सुमारे ७० मीटर लागतात. १२० ला ११० मीटरच्याही वर. धुक्यात, ओल्या रस्त्यावर किंवा गुळगुळीत टायरवर आणखी जास्त. त्या सकाळी आमची ट्रॉली ७० मीटरपेक्षा थोडी जास्त लांब होती, एवढंच आमचं नशीब.

२०२२ च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यात सेलसुऱ्याजवळ पुलावरून गाडी कोसळून वैद्यकीय शिक्षण घेणारे ७ विद्यार्थी गेले. त्या अपघाताच्या कारणांत मला शिरायचं नाही. पण तिथून जाताना आजही बोलता बोलता गाडीतले सगळे गप्प होतात. आपल्याच वयाची पोरं होती ती.

'ॲव्हरेज' किती देते?

गंमत बघा, आपल्याकडे 'ॲव्हरेज' हा शब्द गणितापेक्षा गाडीला जास्त चिकटलेला. "तुही गाडी ॲव्हरेज किती देते बे?" म्हणजे एका लिटरला किती किलोमीटर. आणि गाडीचं ॲव्हरेज काढतानाही आपण तीच चूक करतो.

समजा जाताना एकट्यानं, सावकाश गेलात आणि गाडीनं लिटरला ६० किमी दिले. येताना डबल सीट, गाडी ताणत आणली, ४० दिले. ॲव्हरेज किती? पन्नास म्हणालात तर परत पहिल्या बाकावर जाऊन बसा! ७२ किमीला जाताना १.२ लिटर, येताना १.८ लिटर. एकूण ३ लिटर, अंतर १४४ किमी. उत्तर पुन्हा ४८. तिथे वेळ मिळवली, इथे लिटर मिळवायचे. जे खर्च होतं ते मिळवायचं.

गाडी ताणली की पेट्रोल जास्त का जातं? हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो म्हणून. पुन्हा तोच वर्ग. शिवाय सतत ब्रेक मारून पुन्हा वेग घेण्यात इंधन जातं ते वेगळंच.

आता शेतकऱ्याच्या घरचा प्रश्न. घरात दोन गाड्या. शेतावरची जुनी जीप, लिटरला १२ देते. तुमची बाईक, लिटरला ४० देते. दोन्ही महिन्याला ६०० किमी चालतात. मेकॅनिक म्हणतो, "पैसे एकाच गाडीपुरते असतील तर सांगा. जीप १२ वरून १५ वर आणतो, नाहीतर बाईक ४० वरून ५० वर." घरचं इंधन कशात जास्त वाचेल?

दहाची वाढ तीनपेक्षा मोठी, म्हणून बाईक? हिशेब करा. बाईकला आधी १५ लिटर लागत होते, आता १२. वाचले ३. जीपला आधी ५० लागत होते, आता ४०. वाचले १०. तिपटीहून जास्त! अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे रिचर्ड लॅरिक आणि जॅक सॉल यांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात नेमकी हीच फसगत मांडली होती. लिटरला किती किलोमीटर, या आकड्यावरून बचतीचा अंदाज चुकतो. त्याऐवजी शंभर किलोमीटरला किती लिटर असं विचारलं, की उत्तर समोर दिसतं.

स्वतःच्या गाडीचं खरं ॲव्हरेज काढायचंय? टाकी फुल करा, मीटरचा आकडा लिहून ठेवा. गाडी नेहमीसारखी चालवा. पुढच्या वेळी पुन्हा फुल करा आणि किती लिटर बसले ते बघा. मीटरच्या दोन आकड्यांतला फरक भागिले लिटर. "शंभरचं टाका" म्हणत राहिलात तर हा हिशेब कधीच लागणार नाही.

टकळीवरचं गणित

असली गणितं आयुष्यातून यावीत, पुस्तकातून नव्हे, हा विचार वर्ध्याला नवा नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली इथे शिक्षण परिषद भरली. तिथे डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि त्याच डिसेंबरात तिनं अहवाल दिला. हीच 'वर्धा योजना', म्हणजे नई तालीम. मातृभाषेतून शिक्षण आणि हाताच्या कामाशी जोडलेले विषय, ही तिची कल्पना.

टकळीवर सूत कातणाऱ्या मुलाला प्रश्न आपोआप पडतात. तासाला किती सूत निघालं? एवढं सूत व्हायला किती वेळ लागेल? कापूस किती लागला, वाया किती गेला? आता शब्द बदलून बघा. सूत म्हणजे अंतर. तासाला निघणारं सूत म्हणजे वेग. आणि कापूस म्हणजे पेट्रोल. आपलंच गणित! फरक एवढाच, की त्या मुलाच्या हातात टकळी होती आणि आपल्या हातात ॲक्सिलरेटर आहे.

पेपरात समोर आलं तर...

आधी विचारलंय काय ते बघा. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० च्या सुमाराच्या ग्रंथात, साप आणि मोराचं एक गणित आहे. ९ हात उंच खांबावर मोर, खांबाच्या तळाशी सापाचं बीळ, आणि २७ हात लांबून बिळाकडे येणारा साप. दोघांचा वेग सारखा. मोर बिळापासून किती अंतरावर सापाला गाठेल? वेगाचा आकडा दिलेलाच नाही! पण वेग सारखा म्हणजे कापलेलं अंतर सारखं, आणि पायथागोरसच्या नियमानं उत्तर येतं १२ हात. दोघंही १५-१५ हात जातात. काय दिलं नाही यापेक्षा काय दिलंय, ते वाचा.

मग एकक तपासा. ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करायचे तर ५/१८ नं गुणायचं. का? कारण एका किलोमीटरचे १००० मीटर आणि एका तासाचे ३६०० सेकंद. हे कारण लक्षात राहिलं की ५/१८ की १८/५, हा गोंधळ होत नाही.

शेवटी उत्तराकडे डोळे उघडून बघा. सरासरी दोन वेगांच्या मधेच यायला हवी. बाईकचा वेग ताशी ४०० आला तर खोडा आणि पुन्हा करा.

करून बघा

१. ४५० मीटर लांबीची गाडी ताशी ७२ किमी वेगानं सेवाग्राम स्टेशनवरून न थांबता जाते. प्लॅटफॉर्म ५५० मीटरचा धरा. तो पार करायला किती वेळ? (ताशी ७२ म्हणजे सेकंदाला २० मीटर. अंतर ४५० अधिक ५५०. उत्तर ५० सेकंद.)

२. बसच्या खिडकीतून किलोमीटरचे दगड बघा. एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत किती सेकंद लागले ते मोजा आणि ३६०० ला त्या आकड्यानं भागा. ६० सेकंद म्हणजे ताशी ६०, ४५ म्हणजे ८०. बसचा वेग तुमच्या हातात.

३. तुमच्या गाडीचं खरं ॲव्हरेज किती? उत्तर गाडीच्या मीटरवर आहे.

आता परत टपरीवर. अठ्ठेचाळीसचं गणित मी त्या पोरांना वहीवर मांडून दाखवलं. छपाईची चूक काढणारा काही पटलेला दिसेना. मग मी त्याला विचारलं, "१६०० मीटर किती वेळात काढायचं ठरवलंय?"

"पाच मिनिटं वीस सेकंद."

"म्हणजे ३२० सेकंद. सेकंदाला ५ मीटर, ताशी १८ किमी. ग्राउंड ४०० मीटरचं असेल तर चार चकरा. पहिल्या तीन ९० सेकंदांच्या काढल्या, तर चौथीला किती उरले?"

त्यानं बोटं मोजली. "पन्नास."

"४०० मीटरचा विश्वविक्रम ४३.०३ सेकंदांचा आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधला, वेड व्हॅन नीकर्कचा. आणि तो आधी १२०० मीटर धावून आलेला नव्हता."

तो जरा वेळ गप्प बसला. "मी रोज हेच करतो ताई. पयल्या तीन आरामात, शेवटची मारून देतो म्हणतो. म्हणूनच रोज कमी पडते."

मग त्यानं प्रश्नसंच मिटला, चहाचा शेवटचा घोट घेतला आणि ३२० ला ४ नं भागलं.

"ऐंशी, ऐंशी, ऐंशी, ऐंशी," तो म्हणाला. "उद्या घड्याळ घेऊन मैदानावर याल का ताई?"